अर्धा सल्ला

१

तात्यासाहेब औताडे गेले, ही बातमी चिकलठाण्यात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर पसरली आणि कुणाच्याही घशात चहा अडकला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्यानं तात्यासाहेब पाहिले नसावेत. भाऊबंदांचे बांध कोरून विमानतळालगतची जमीन वाढवणारा, गड्याला चपलेनं आणि बायकोला हाताला लागेल त्यानं मारणारा हा माणूस अंथरुणात शांत मेला, याचीच लोकांना चुटपुट लागली होती. सुंठीवाचून खोकला गेला, असं बायका ओट्यावर बसून उघड बोलत होत्या.

तिरडी बांधून झाली, आणि पुतण्या बन्सी तिला आडवा पडला.

"जाळू नका! काकूनं मारलंय तात्याला! आधी पोलीस बोलवा!"

झालं. तिरडीवरचा माणूस स्मशानात जायचा तो घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या शवागारात गेला.

दुपारी इन्स्पेक्टर रामकिसन साबळेंनी डॉक्टर ताहेरा सिद्दीकीला तिथं बोलावून घेतलं. ताहेरा पन्नाशीची, शहागंजात वाढलेली, जिभेला धार असलेली बाई. मधुमेह हा तिचा विषय. आदल्याच दिवशी हे तात्यासाहेब तिच्या वर्गात टेबलावर पोट उघडं टाकून झोपले होते, म्हणून साबळेंना तिची आठवण झाली.

"मॅडम, रात्री इन्सुलिन घेतलं आणि सकाळी मेला. साखर उतरून मेला असं इथले डॉक्टर म्हणतात. मला एवढंच सांगा, डोस जास्त गेला का?"

ताहेरानं चादर खाली ओढली. बेंबीच्या डाव्या बाजूला कवठाएवढी गाठ होती, आणि गाठीभोवती हिरव्या शाईचं ठसठशीत वर्तुळ.

"हे तुमचंच ना?" साबळेंनी विचारलं.

"माझंच. काल वर्गात मार्करनं काढलं." तिनं बोट उजवीकडं नेलं. बेंबीपासून चार बोटांवर सुईची एक ताजी टोच होती. भोवती पुसट, हिरवट डाग.

"ही शीर असेल," साबळे म्हणाले.

ताहेरानं स्पिरिटचा बोळा त्यावर घासला. बोळा हिरवा झाला. तिनं तो त्यांच्यापुढं धरला.

"पाकिटात घाला. ही शीर नाही, शाई आहे. डावीकडची जशीच्या तशी राहिली, उजवीकडची कुणीतरी पुसली. मला सांगा साबळे, मढ्याच्या पोटावरचं निम्मंच कोण पुसतं?"

२

आता वर्गात काय झालं होतं ते सांगायला हवं.

ताहेराचं काम सरळ होतं. जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना तीन दिवस एका सभागृहात कोंडायचं आणि इन्सुलिन सांभाळून कसं द्यायचं ते शिकवायचं. खेड्यातला डॉक्टर इन्सुलिनला भितो. एक तर देतच नाही, नाहीतर देवावर हवाला ठेवून देतो. "ज्या औषधानं माणूस जगतो, त्याच औषधानं तो सकाळपर्यंत गार पडतो," हे तिचं पहिलं वाक्य असायचं, आणि ते ऐकून पुढच्या रांगेतले लोक पेन उघडायचे.

दुसऱ्या दिवशी धडा होता गाठीचा. माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी सुई टोचत राहिला की तिथं चरबीची गाठ धरते. गाठीत टोचलं की दुखत नाही, म्हणून पेशंट तीच जागा धरून बसतो. पण गाठीतून औषध रक्तात धड पोचत नाही. साखर उतरेना म्हणून डॉक्टर डोस वाढवतो, वाढवतो, वाढवतच जातो. दाखवायला खरी गाठ हवी होती. विश्वंभर गाडेकर नावाच्या, अजिंठ्याकडच्या एका केंद्रातल्या तरुण डॉक्टरानं हात वर केला. "माझ्या सासऱ्यांना आहे. आणतो."

आणि त्यानं तात्यासाहेबांना आणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बूट काढ माझे," टेबलाशी येऊन तात्यासाहेब जावयाला म्हणाले. सगळ्यांसमोर. गाडेकर वाकला. त्यानं बूट काढले. "बघा रे डॉक्टर लोकहो, माझ्या पैशावर डॉक्टर झालेला माणूस! नाडी बघायला शिकला का नाय देव जाणे, पण लेसा झकास सोडतो."

वर्ग हसला. हसू आवरायचा प्रयत्न करत का होईना, ताहेराही हसली.

मग तिनं गाठीभोवती हिरव्या मार्करनं वर्तुळ काढलं, एकेकाला गाठ चाचपायला लावली, आणि मार्कर हातात तसाच धरून विचारलं, "आता या पेशंटची जागा बदलायचीय. गाठ सोडून चांगल्या कातडीत सुई द्यायचीय. तुम्ही घरच्यांना काय सांगाल?"

दहा जणांनी दहा अर्धवट उत्तरं दिली. शेवटी गाडेकर उठला, कानाच्या पाळ्या अजून लाल, आणि त्यानं उत्तर दिलं.

ताहेराची एक खोड होती. बरोबर उत्तर आलं की हातात जे असेल ते ती बक्षीस देऊन मोकळी व्हायची. खडू, केळं, एकदा तर स्वतःची छत्री. त्या दिवशी वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि ती म्हणाली, "शाब्बास! अख्ख्या वर्गात पूर्ण उत्तर एकट्याचं."

जाताना गाडेकरनं विचारलं होतं, "मॅडम, उद्या घरची साखर मोजायची मशीन तपासायला आणली तर चालेल?"

ती म्हणाली होती, जरूर आण.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वर्गात आलाच नाही. त्याचा सासरा मेला होता.

३

औताड्यांच्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारच्या आशाबाईंनी पिठलं-भाकरीची टोपली आणून ठेवली होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. ताहेरा आणि साबळे आत आले तेव्हा बन्सी फ्रिजपाशी उभा होता, जणू फ्रिज कुणी पळवून नेणार आहे.

"सुया मीच भरून ठेवतो," तो म्हणाला. "काकूच्या डोळ्यात मोतीबिंदू. आकडे दिसत नाहीत. मी दोन्ही टायमाच्या भरतो, फ्रिजच्या दारात ठेवतो, ती नुसती टोचते."

"म्हणजे डोस तू भरतोस," साबळे म्हणाले.

बन्सीचा चेहरा पडला. काकूला अडकवायला निघालेला माणूस आपणच खड्ड्यात उभा आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

ताहेरानं बाटली काढून उजेडात धरली. कचऱ्यातली रात्रीची सुई मागवली. इथंच माणसं मरतात, तिला ठाऊक होतं. बाटलीतलं इन्सुलिन चाळीसच्या ताकदीचं, त्याची सुई लाल टोपणाची. पेनातलं शंभरच्या ताकदीचं, त्याची सुई नारिंगी टोपणाची. शंभरचं औषध लाल टोपणाच्या सुईत भरलं की डोस अडीचपट. इथं बाटली चाळीसची होती. टोपण लाल होतं.

"किती भरलंस?"

"अडतीस. वर्षभर अडतीसच. पोरीची शपथ."

फ्रिजच्या दारात आजची न वापरलेली सुई तशीच होती. ताहेरानं मोजलं. बरोबर अडतीस.

"हा खरं बोलतोय," ती साबळेंना म्हणाली. "बाटली तीच, सुई तीच, डोस तोच."

"मग मेला कशानं?"

"तेच तर." ती बन्सीकडं वळली. "तुझा काकूवर संशय का?"

"तिच्या गालावर वळ आहे बघा ताजा. तात्यानं रात्री मारलं आणि ही स्वयंपाकघराला आतून कडी लावून झोपली! नवरा तडफडतोय आणि ही कडी लावून झोपते? मला तर तात्या पुढच्या आठवड्यात दत्तक घेणार होते. विमानतळाकडची जमीन माझ्या नावावर होणार होती. त्यांच्या मरणानं माझं वाटोळं झालं, मॅडम."

रडू त्याला जमिनीसाठी येत होतं, पण खरं होतं.

"साखर मोजायची मशीन कुठंय?"

बन्सीनं कपाट उघडलं. पट्ट्यांची डबी होती, मशीनची जागा रिकामी. "काल सांजच्याला जावई येऊन गेले, ते घेऊन गेले वाटतं. सकाळी मीच त्यांना फोन केला. आले, तात्याला तपासलं, हार्ट म्हणाले."

"एकटेच होते खोलीत?"

"तपासताना आम्हाला बाहेर काढलं. नंतर आत गेलो तर स्पिरिटचा वास येत होता. आता डॉक्टर म्हटल्यावर स्पिरिटचा वास यायचाच की."

ताहेरा खुर्चीवर बसली. मार्कर तिनं कुणाला दिला होता ते तिला आठवलं.

४

"गाडेकर?" साबळेंनी भुवया उंचावल्या. "तुमच्या बक्षिसाच्या मार्करवरून मी डॉक्टर माणसाला धरू? तो म्हणेल, मॅडमनीच वर्गात दोन्ही बाजूंना काढलं. मॅडम, बायकोनं सुई टोचली, बायकोनं कडी लावली, बायकोकडं मारायला चाळीस वर्षांची कारणं. मी संध्याकाळी तिला उचलणार. तोवर तुम्हाला काय विचारायचं ते विचारा."

सारजाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. साठीच्या, काटकुळ्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्या बाईचं शरीर कसं असतं ते ताहेरानं बरंच पाहिलं होतं. कुणी जवळ आलं की खांदा आधी आकसतो. सारजाबाईंचा आकसला.

"मावशी, काल सुई कुठं टोचली?"

"पोटात."

"गाठीत?"

"नाय. उजवीकडं."

"इतकी वर्षं गाठीत टोचत होतात. जागा कुणी बदलायला सांगितली?"

"कुणी नाय. म्याच बदलली. मनात आलं."

"त्यांनी बदलू दिली? काल वर्गात तर म्हणत होते, दुसरीकडं टोचलं तर हात मोडीन."

"काल काय बोलले नाय. गुमान पडून राह्यले. दुखलं नाय म्हणले." सारजाबाईंनी स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. "चाळीस सालात पहिल्यांदा म्हणले, सारजे, तुझा हात हलका हाय."

"आणि मग?"

"मंग झोपले. मंग रातच्याला उठले, घामानं चिंब. बडबडत व्हते कायबाय. मला म्हणले तू कोन, माझ्या घरात काय करती. अन् मारलं. म्या म्हणलं, हे तर रोजचंच. आत आले अन् कडी लावली. दार वाजवत व्हते थोडा वेळ. मंग बंद झालं."

ताहेरानं डोळे मिटून घेतले. साखर उतरली की माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. घाम फुटतो, माणसं ओळखू येत नाहीत, हात उगारतो. दुसऱ्या कुठल्याही घरात बायको घाबरून शेजाऱ्यांना हाका मारती. या घरात मरणारा माणूस आणि रोजचा माणूस यांत फरकच नव्हता.

"डाक्टरीणबाई, ते आजारी व्हते का तवा?"

"हो."

"गूळ दिला असता तर?"

खोटं बोलता आलं असतं. ताहेराला ते कधी जमलं नाही. "जगले असते."

सारजाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग त्या दाराकडं बघून म्हणाल्या, "साहेब, म्याच मारलं. लिवून घ्या."

साबळे पुढं सरकले. ताहेरानं हात आडवा केला.

"एक राहिलं, मावशी. गाठ हाताला लागते, ती तुम्ही आंधळ्यासारखी चाचपून शोधायच्यात. नव्या जागेला कसलीच खूण नसते. तुम्हाला दिसावं म्हणून तिथं गोल काढला होता. तो कुणी काढला?"

"म्याच."

"कशानं?"

"कुंकवानं."

"सारजाबाई," ताहेरा हळू आवाजात म्हणाली, "तो गोल हिरवा होता."

सारजाबाईंच्या ढगाळलेल्या डोळ्यांत भीती उतरली. स्वतःसाठी नव्हती ती. "साहेब, मला न्या इथून," त्या कळवळून म्हणाल्या. "न्या लवकर, अन् ह्या बाईला म्होरं काय इचारू देऊ नका."

५

गाडेकर पाच वाजता आला. बरोबर त्याची बायको कांचन, सारजाबाईंची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यातली, रडून डोळे सुजलेली. तिला बघताच सारजाबाई उठून तिच्या गळ्यात पडल्या. जावयाकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही.

कांचनलाही गरोदरपणात साखर निघाली होती. गाडेकर तिला बाजूच्या खोलीत घेऊन बसला. ताहेरा दारातून बघत होती. त्यानं खिशातली मशीन काढली, तिच्या बोटातून थेंब घेतला, आकडा बघितला, पुन्हा एकदा घेतला. "अजून सुई नको. आधी ताट वाढून समोर येऊ दे, मग देतो," तो तिला म्हणाला, आणि तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. खोट्या मायेचं सोंग नव्हतं ते. बायकोवर या माणसाचा जीव होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

ताहेरानं त्याला अंगणात बोलावलं. साबळे होतेच.

"गाडेकर, काल वर्गात दिलेलं उत्तर साबळेंना सांग."

"कुठलं, मॅडम?"

"विसरलास? मी सांगते. गाठ सोडून चांगल्या कातडीत सुई द्यायची तर घरच्यांना सांगावं: जागा बदला, आणि त्याच दिवशी डोस कमी करा. कारण गाठीत टोचलेल्या अडतीसातले निम्मेही रक्तात पोचत नव्हते, नव्या जागेतून सगळे पोचतील. आणि काही दिवस मशीनवर साखर बघत राहा. पूर्ण उत्तर. मी टाळ्या वाजवून घेतल्या तुझ्यासाठी." तिचा आवाज चढला. "आणि इथं येऊन तू सासूला अर्धंच सांगितलंस! जागा बदला. बस्स. डोसचं गिळलंस. मशीन उचलून नेलीस. मी दिलेल्या मार्करनं गोल काढून दिलास, आणि सकाळी येऊन स्पिरिटनं पुसलास. घाईत एवढं लक्षात आलं नाही की डावीकडचा राहिला तर उजवीकडचा का गेला, हे कुणीतरी विचारेल."

गाडेकर शांत होता. इतका शांत की साबळेंनी पट्टा सारखा केला.

"समजा, मॅडम, मी जागा बदला म्हटलं. चूक आहे का? मशीन तपासायला नेली, तुम्हाला विचारून नेली. यातलं एक तरी वाक्य चुकीचं दाखवा. तुम्हीच शिकवलेली आहेत सगळी." तो किंचित हसला. "आणि मी काही म्हटलं, असं म्हणतंय कोण? आईंना विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, मीच मारलं."

"तेच म्हणणार त्या. शेवटपर्यंत तेच म्हणणार. लेक सातव्या महिन्यात आहे. कुठली आई लेकीच्या कपाळावरचं कुंकू स्वतःच्या तोंडानं पुसेल?" त्यानं रुमालानं बुटावरची धूळ झटकली. "काल मी खाली वाकलो होतो ना, मॅडम, तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही तरी हसणार नाही."

सापही मरावा आणि काठीही तुटू नये, एवढंच त्यानं साधलं नव्हतं. काठी स्वतःहून जेलात जाऊन बसेल, याचीही सोय त्यानं केली होती.

तो आत गेला. साबळे थुंकले. "भडवा! मॅडम, तुमचं सगळं पटलं मला. पण कोर्टात हिरवा बोळा घेऊन जाऊ? म्हातारी बोलली तर हा आत, नाही बोलली तर ती आत. मला दोघांतला एक न्यायचाय."

६

ताहेरा पुन्हा स्वयंपाकघरात गेली आणि सारजाबाईंसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं सगळं सांगितलं. डोसचं, गोलाचं, पुसलेल्या शाईचं. सारजाबाई ऐकत राहिल्या. त्यांना नवं काहीच नव्हतं त्यात, फक्त अर्थ नवा होता.

"म्हंजी माझ्या हातानं करवलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"हलका हात म्हणले व्हते."

"मावशी, साबळेंना सांगा. तुम्ही जन्मभर हर्सूलच्या तुरुंगात सडाल त्याच्यासाठी."

"सडते. इथं काय निराळं व्हतं?" त्यांनी डोकं हलवलं. "पोरीचं लेकरू बिनबापाचं करू? तात्या मेले ते मेले. लेकीचा संसार तरी ऱ्हाऊ द्या. त्यो तिला लई जपतो."

त्यो तिला लई जपतो. खरंच होतं. ताहेरानं दहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोनदा साखर मोजणारा, जेवण समोर आल्याशिवाय सुई न देणारा. गाडेकरच्या हातून कांचनला काही होईल, असं तिला क्षणभरही वाटलं नव्हतं.

तिनं सारजाबाईंचा हात हातात घेतला. कोरडा, हाडकुळा हात. मग ती म्हणाली, "मावशी, कांचनलाही इन्सुलिन चालू आहे. तिला सुई कोण टोचतं?"

एवढंच. पुढचं वाक्य तिनं गिळलं.

सारजाबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. खांदा आकसायचा तो आकसलाच नाही. बाजूच्या खोलीतून गाडेकरचा आवाज आला, "आशाबाईंची भाकरी आणा कुणीतरी. कांचन, ये, सुई देतो."

सारजाबाई उठल्या. भिंत चाचपत, उंबऱ्याला ठेचकाळत त्या बाजूच्या खोलीत गेल्या, आणि जावयाच्या हातातली सुई त्यांनी हिसकावून भुईवर फेकली.

"हात लावू नगंस माझ्या लेकीला!"

"आई!" कांचन ओरडली.

"साहेब! लिवून घ्या!" चाळीस वर्षं दाबलेला आवाज त्या घरानं पहिल्यांदा ऐकला. "ह्यानं सांगितलं मला, उजवीकडं टोचा. ह्यानं गोल काढून दिला, म्हणला तुम्हाला दिसंल. ह्यानं सांगितलं, आज साखर वाढलीय, अर्धीच भाकरी वाढा. मशीन ह्यानं नेली. अन् जाताना दारात म्हणला, आई, रातच्याला तात्या चिडले, मारायला उठले, तर भांडू नका. आत जाऊन कडी लावा, अन् सकाळपातूर उघडू नका!"

कडीचं ताहेरालाही ठाऊक नव्हतं. साबळेंनी गाडेकरच्या दंडाला धरलं तेव्हा त्यानं सासूकडं बघितलंसुद्धा नाही. तो ताहेराकडं बघत होता. सारजाबाईंच्या कानात तिनं काय घातलं असेल, ते त्यानं बरोबर ओळखलं होतं. वर्गातला हुशार विद्यार्थी होता तो.

"शाब्बास, मॅडम," तो म्हणाला.

जीप गेली. सारजाबाई जबाबासाठी दुसऱ्या गाडीत बसून गेल्या. बन्सी फाटकाशी उभा राहून आता जमीन कुणाकडं जाईल याचा हिशेब करत होता. घरात ताहेरा आणि कांचन दोघीच उरल्या.

कांचन म्हणाली, "ते मला काही करणार नव्हते."

ताहेरानं भुईवरची सुई उचलून बाजूला ठेवली.

"तुम्ही दारात उभ्या होता. तुम्ही बघितलंत. दोनदा साखर बघतात ते माझी, रोज. आईला ते का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ती बोलली नसती."

"म्हणजे तुम्हीही अर्धंच सांगितलंत."

ताहेरानं पिठलं-भाकरीचं ताट वाढलं. दुसरी सुई काढली, कांचनची बाटली हातावर घोळवली, डोस भरला. वाकून म्हणाली, "बेटा, जेवायची वेळ टळतेय. पोटातल्या बाळासाठी तरी घे. आण, मी देते."

कांचन मागं सरकली. पदर तिनं पोटाभोवती दोन्ही हातांनी घट्ट ओढून घेतला.

"तुमच्या हातून नको."

तिनं हात पुढं केला. ताहेरानं सुई तिच्या हातात दिली. कांचननं भिंतीकडं तोंड केलं, साडी गुडघ्यावर घेतली, मांडीची कातडी चिमटीत धरली आणि सुई आत घातली. जागा तिनं बरोबर निवडली होती. मग ताट ओढून ती रडत रडत जेवायला लागली.